नाकेदारबाईंच्या गुडघ्यातला काळा ठिपका

नाकेदारबाई जमिनीकडे बघत चालायच्या. जंगलात हिंडणाऱ्या माणसाला तसं चालावंच लागतं, पण त्या आमच्या दवाखान्याच्या गुळगुळीत फरशीवरही तशाच चालत. पहिल्यांदा आल्या तेव्हा मी एमआरआयच्या दारात कागद घेऊन उभी होते. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "आत्ताच इथून कोनी लंगडत गेला का वो? डावा पाय घासत?" खरंच, माझा आधीचा पेशंट डावा पाय ओढत गेला होता. नुकत्याच पुसलेल्या फरशीवर त्याच्या चपलेची रेघ उमटली होती. मी रोज त्याच दारात उभी असते, मला ती दिसली नव्हती.

त्या गोंडपिपरीकडच्या एका बीटच्या, म्हणजे राखणीला नेमून दिलेल्या जंगलाच्या पट्ट्याच्या, वनरक्षक. आमच्या भागात वनरक्षकाला अजूनही नाकेदार म्हणतात, म्हणून त्या नाकेदारबाई. कार्डावर त्यांचं नाव होतं, पण गावात ते कोणी घेत नसे आणि दोन-तीन खेपांनंतर आमच्याकडेही कोणी घेईना. वय चाळिशीच्या अलीकडे. अंगानं काटक, रंग उन्हानं भाजलेला. उजवा पाय टाकताना ओठ किंचित आवळत, एवढंच. दुखतं असं त्यांच्या तोंडून मी क्वचितच ऐकलं.

एमआरआयच्या खोलीत जाण्याआधी अंगावरचं सगळं लोखंड काढावं लागतं, कारण आतलं चुंबक फार मोठं असतं. बाईंनी खिसे रिकामे केले तेव्हा टेबल भरलं. शिट्टी, चाकू, किल्ल्यांचा जुडगा, पावलं मोजायची टेप, सुईदोरा, एक विजेरी. मी हसले. "अजून काही?" त्या म्हणाल्या, "नाई. आता आत मीच तेवढी." मग फॉर्म भरताना मी त्यांना समजावून सांगितलं की तुमच्याच पेशी वाढवून गुडघ्यात बसवणार आहेत आणि त्यांना लोखंडाचे अगदी बारीक कण चिकटवणार आहेत. त्या टेबलावरच्या चाकूकडे बघत म्हणाल्या, "म्हंजे बाहेरचं लोखंड काढाले लावता अन् आतमंदी लोखंडच घालता? कसे वो तुमी लोक!"

मी काहीतरी उत्तर दिलं आणि त्यात बोलताबोलता 'नाई' म्हणून गेले. दवाखान्यात मी शुद्ध बोलते. बाईंनी मान वर केली. "कुठची तू? ब्रम्हपुरीकडची ना?" मी हो म्हटलं. तेव्हापासून मी मॅडम राहिले नाही, पोरी झाले. आज वाटतं, मी मॅडमच राहिले असते तर बरं झालं असतं. मॅडमच्या शब्दावर त्यांनी एवढा भार टाकला नसता.

गुडघ्याचं झालं ते तेंदूपत्त्याच्या हंगामात. पानं तोडायला गेलेल्या एका बाईची किंकाळी ऐकून नाकेदारबाई धावल्या. कोरड्या नाल्यात दोन दगडांमध्ये पाऊल अडकलं, अंग वळलं आणि गुडघा वळला नाही. तशाच त्या पोचल्या. ओरडणारी बाई लांबून दिसलेल्या अस्वलाला भ्याली होती, तिला ओरखडासुद्धा आला नव्हता. शेवटी तीच नाकेदारबाईंना खांद्याचा आधार देऊन गावापर्यंत घेऊन आली. मी म्हटलं, "म्हणजे उगाचच झालं सगळं." बाईंना ते आवडलं नाही. "उगाच कसं? तिले काई झालं नाई ना. झालं असतं म्हंजे माया पाय कामाले आला असता, असं का?"

हाडाच्या टोकावर जी गुळगुळीत गादी असते, तिचा एक तुकडाच निघून आला होता. ती गादी पुन्हा आपोआप भरत नाही. बाई त्यावर वर्षभर चालल्या. बीट मोठं होतं, आणि लाकूडचोर गुडघ्याला बरं वाटेपर्यंत थांबत नाहीत.

त्यांच्या चालण्यामागे त्यांचे वडील होते. म्हाताऱ्याची उमर वनमजुरीत गेली. साहेबांच्या मागे सामान घेऊन चालायचं, रस्ता माहीत असला तरी मागेच चालायचं. त्यांनी एकुलत्या एका पोरीला शिकवलं. भरतीत चालण्याची परीक्षा असते, तीत मुलींमध्ये बाई पहिल्या आल्या. शेवटच्या खुणेपाशी वडील पाण्याची बाटली घेऊन उभे होते. "बाबा रडले का?" मी विचारलं. "नाई. म्हनले, आता तू पुढं चालजो." लग्न झालं, दोन वर्षांत मोडलं. नवऱ्याला घरात बसणारी बायको हवी होती. बाई वडिलांकडे परतल्या आणि कामावर जात राहिल्या. म्हणायच्या, "पाय हाय तवरच नाकेदारीन. बसली का मंग कोनाची तरी पोरगी नाई त कोनाची तरी टाकलेली."

आमच्या दवाखान्यात तेव्हा एक अभ्यास चालू होता. पेशंटच्याच कमरेच्या हाडातल्या मगजातून मूळ पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत काही आठवडे वाढवायच्या, त्यांना लोखंडाचे कण चिकटवायचे आणि गादीच्या खड्ड्यात बसवायच्या. त्या तिथे रुजल्या तर नवी गादी तयार होईल, अशी आशा. लोखंड कशासाठी, तर एमआरआयच्या चित्रात ते काळं दिसतं. गुडघा न उघडता कळावं की पेशी जागेवर आहेत की वाहून गेल्या. चित्र काढायचं काम माझं होतं. बाईंनी संमतीचा कागद ओळीवर बोट ठेवून पूर्ण वाचला. 'फायदा होईलच असे नाही' या वाक्यावर बोट थांबलं. "भरतीच्या कागदावर बी असंच लिवलं होतं," म्हणाल्या आणि सही केली.

मशीनमध्ये माणसं हलतात. आवाजानं दचकतात, नाक खाजवतात, जीव घाबरा झाला म्हणून घंटी दाबतात. बाई हलत नसत. पाणवठ्याजवळच्या मचाणावर अख्खा दिवस बसायची सवय. मी काचेमागून बघायची तेव्हा श्वास चालू आहे का अशी शंका यावी इतक्या त्या स्थिर पडून असत. इतकी स्वच्छ चित्रं मला दुसऱ्या कुणाची मिळाली नाहीत. शिकाऊ मुलींना मी तीच दाखवायची.

पेशी बसवल्यानंतरच्या पहिल्या चित्रात ठिपका दिसला. पांढुरक्या गादीच्या खड्ड्यात मुगाच्या दाण्याएवढा, शाईसारखा काळा. बाईंनी बाहेर आल्यावर तो बघायला मागितला. पेशंटला निकाल सांगणं हे माझं काम नाही. पण त्या एवढ्या लांबून, दोन बस बदलून आल्या होत्या आणि मला पोरी म्हणत होत्या. मी पडदा वळवला. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "पिल्लं हायेत जागेवर." पेशींना त्यांनी तेव्हा दिलेलं नाव तेच राहिलं. पुढच्या खेपेला दारातूनच विचारायच्या, "पिल्लं हायेत ना वो?" आणि मी चित्र बघून सांगायची, "आहेत, बाई." त्यांचा चेहरा असा खुलायचा की त्या दिवसाचं बाकीचं काम मला हलकं जायचं. आमच्या खोलीतून लोक बहुधा वाईट बातमी घेऊन जातात. चांगली बातमी देण्याची मला चटक लागली, मी सांगत गेले त्याचं हे खरं कारण आहे. दुसरं काही कारण सांगितलं तर ते खोटं ठरेल.

तिसऱ्या महिन्यात त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "पोरी, हे पाऊल हाय का जनावर?"

मला कळलं नाही. त्या समजावून सांगू लागल्या. "पाह्य, वाघाचं पाऊल दिसलं म्हंजे वाघ इथी हाय, असं नसते. इथी होता, एवढंच. आता कुठी हाय, जिता हाय का मेला, ते पाऊल नाई सांगत. म्हून विचारते. हे काळं जे हाय, ते पिल्लं हायेत का नुसतं त्याईचं लोखंड?"

इतक्या मोठ्या डॉक्टरांच्या बैठकीत हा प्रश्न इतक्या सरळ शब्दांत कोणी विचारलेला मी ऐकला नव्हता. मला उत्तर माहीत नव्हतं. तरी मी म्हटलं, "पिल्लंच आहेत, बाई." त्यांनी मान डोलावली आणि शिट्टी-चाकू गोळा करून निघाल्या.

त्या गेल्यावर मी मोठ्या डॉक्टरांकडे गेले. अभ्यास त्यांचा होता. माणूस वाईट नव्हता, पेशंटशी नीट बोलायचा. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "लोखंड राहतं," म्हणाले. "पेशी मेली तर शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी तिला गिळतात, लोखंडासकट. आणि तिथेच बसून राहतात. ठिपका तोच दिसतो. जिवंत की मेलेली, हे या चित्रावरून सांगता येत नाही. सगळीकडे हाच प्रश्न आहे."

"मग बाईंना सांगायचं का?"

"काय सांगणार? मेल्या, असं तरी आपल्याला कुठे माहीत आहे? वर्षाचं चित्र होऊ दे. आणि हे बघ, तू चित्र काढ. सांगायचं काम माझ्याकडे राहू दे."

सांगायचं काम त्यांचं होतं हे बरोबरच होतं. पण मी ते आधीच करून बसले होते, तीन वेळा. चौथ्या वेळी तरी गप्प बसायला हवं होतं. सहाव्या महिन्यात बाई दारात उभ्या राहिल्या, गुडघ्यावर थोडी सूज होती. "पिल्लं?" एवढंच विचारलं. मी पडद्याकडे बघितलं. ठिपका होता. "आहेत," मी म्हटलं.

त्या शब्दाचं पुढे काय झालं ते मला नंतर त्यांच्या वडिलांकडून कळलं. बाईंच्या साहेबांनी त्यांना लाकडाच्या डेपोवर बसून करायचं काम देऊ केलं होतं, गुडघा नीट होईपर्यंत. डॉक्टरांनीही वर्षभर उंचसखल जागी चालू नका असं बजावलं होतं. बाईंनी डेपो नाकारला. साहेबांना म्हणाल्या, "पिल्लं जागेवर हायेत. दवाखान्यातल्या पोरीनं पाहून सांगितलं. ते आमच्याच इकडची हाय, खोटं नाई बोलनार." उन्हाळ्यात प्राण्यांच्या गणतीची पायपीट असते. ती त्यांनी पूर्ण केली. रोज संध्याकाळी गुडघा मडक्यासारखा फुगायचा, म्हातारा मिठाच्या पाण्यानं शेकायचा. "मी म्हनलो तिले, बाई, दुखते त थांब. त म्हने, बाबा, आत नवीन हाड फुटून राह्यलं, दुखनारच." दुखणं हीच बरं होण्याची खूण, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

वर्षाच्या चित्राला आल्या तेव्हा त्यांच्या हातात काठी होती. दारात त्यांनी काही विचारलं नाही. मशीनमध्ये नेहमीसारख्याच निश्चल पडून राहिल्या. चित्र पडद्यावर उमटत गेलं. ठिपका पहिल्या दिवसाएवढाच काळा होता. भोवतीचा खड्डा तसाच होता, किंबहुना वाढलेला. खालच्या हाडात पाणी साचून ते पांढरंफटक दिसत होतं. समोरच्या हाडाची गादीही घासली गेली होती. मी ते चित्र पुन्हा एकदा काढलं, उगाच. दुसऱ्यांदाही तेच आलं.

डॉक्टरांनी दुर्बिणीनं गुडघा आतून बघितला आणि कणभर तुकडा तपासायला पाठवला. अहवाल आला त्या दिवशी मी त्यांच्या खोलीत भिंतीला टेकून उभी होते. मला कोणी बोलावलं नव्हतं. डॉक्टरांनी सरळ सांगितलं. नवी गादी नाही. बसवलेल्या पेशी नाहीत. लोखंड आहे, पण ते सफाईच्या पेशींच्या पोटात.

बाईंनी विचारलं, "कवा मेले?"

"नक्की सांगता येत नाही. कदाचित पहिल्या काही आठवड्यांतच."

त्यांनी मान खाली घातली. खोलीतला पंखा फिरत होता, डॉक्टर पुढच्या इलाजाबद्दल बोलत होते. सांधा बदलायचा तर वय कमी आहे, शक्यतो पुढे ढकलू, वजन टाकू नका, चालणं कमी करा. बाई सगळं ऐकून घेत होत्या. उठताना त्यांनी डॉक्टरांना हात जोडले. माझ्याकडे बघितलं नाही.

व्हरांड्यात मी त्यांना गाठलं. त्या बाकावर बसल्या होत्या, काठी मांडीवर आडवी.

"तुले मालूम होतं?"

"शंका होती, बाई."

"कवापासून?"

"तुम्ही पावलाचं विचारलं ना, त्या दिवसापासून."

"त्याच्या बादमंदी बी मी विचारली. तवा तू आहेत म्हनली."

मी रडायला लागले. त्यांनी मला रडू दिलं, समजूत काढली नाही. मग एरवीच्याच आवाजात म्हणाल्या, "जंगलात असं नाई करत, पोरी. नाई मालूम त नाई मालूम म्हनते मानूस. मागचा त्याच्या भरवशावर पाय टाकते."

मी खरं सांगितलं असतं तर त्या डेपोवर बसल्या असत्या का? मला माहीत नाही. कदाचित बसल्याच नसत्या. कदाचित पेशी तशाही मेल्याच होत्या आणि गुडघा तसाही गेलाच असता. डॉक्टरांनी मला हे समजावून सांगितलं, माझ्या आईनंही सांगितलं. ते सगळं खरं असेल. पण ती गणतीची पायपीट त्यांनी माझ्या शब्दावर केली होती.

अभ्यास काही महिन्यांनी बंद झाला. कोणी रागावून बंद केला नाही, फक्त नवे पेशंट घेणं थांबलं. आता दुसरे अभ्यास येतात आणि पडद्यावर इतर कुणाचं काही दिसतं, काही दिसत नाही. पेशंट विचारतात. मी सांगते, "मला चित्र काढता येतं. त्याचा अर्थ मला माहीत नाही." काहींना ते तुटक वाटतं. एका आजीनं तर माझी तक्रार केली, पोरगी नीट बोलत नाही म्हणून. तिचं बरोबर होतं. माझं नीट बोलणं संपलेलं आहे.

बाईंची बदली गोंडपिपरीच्या पुढे रस्त्यावरच्या तपासणी नाक्यावर झाली. येणारा ट्रक थांबवायचा, माल बघायचा, बांबूचा अडसर वर करायचा. मी सुट्टी काढून तिकडे जायची. बस नाक्यासमोरच थांबते. पहिल्या खेपेला वाटलं होतं, त्या तोंड फिरवतील. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला. दुसऱ्यांदा गेले, तिसऱ्यांदा गेले. बोलणं व्हायचं ते पावसाचं, धानाचं, माझ्या लग्नाचं. गुडघ्याचं कधीच नाही. त्यांचे वडील दुपारी डबा घेऊन यायचे. म्हातारा रोज सकाळी जमेल तेवढा त्यांच्या जुन्या बीटमध्ये जाऊन यायचा आणि डबा उघडताउघडता खबर द्यायचा. नाल्याला पाणी आलं. मोहाच्या झाडाखाली अस्वल खणून गेलं. नवा नाकेदार बिडी पीत बसला होता. बाई जेवताजेवता ऐकायच्या आणि दोन-चार प्रश्न विचारायच्या.

शेवटच्या खेपेला म्हाताऱ्यानं डबा ठेवला, पण खबर दिली नाही. मीच विचारलं, "बाबा, आज काय दिसलं?" त्यांनी लेकीकडे बघितलं. बाई म्हणाल्या, "मीच नोको म्हनली त्याईले. पुरे झालं."

म्हातारा विहिरीवर पाणी आणायला गेला. रस्ता रिकामा होता. उन्हात डांबर चकाकत होतं आणि पलीकडे सागाची रांग सुरू होत होती, इथून शंभर पावलांवर. बाईंची खुर्ची रस्त्याकडे तोंड करून होती, झाडांकडे पाठ. ती मुद्दाम तशी ठेवलेली होती हे त्या दिवशी माझ्या लक्षात आलं.

"पोरी," त्या म्हणाल्या, "तू येते, बरं वाटते. पन आता नोको येऊ."

"रागावलात ना माझ्यावर?"

"राग कायचा? राग कवाचाच गेला." त्यांनी बस येते त्या वळणाकडे बघितलं. "तू बसमधून उतरताना दिसली ना, का माया जीव उगाच उठून बसते. मले मालूम हाय काई नाई होनार. डाक्टर बोलला, मले समजलं. तरी बी वाटते, हे पोरगी इतक्या लांबून आली, म्हंजे काईतरी नवीन निंगालं असन, तेच सांगाले आली असन. तू चप्पल काढून बसेपर्यंत वाटत राह्यते. मंग तू पावसाचं बोलते." त्यांनी रुमालानं गळ्यावरचा घाम टिपला. "दर खेपेले तेच. नाई झेपत आता मले."

लांबून बसचा आवाज आला. बाई खुर्चीचे हात धरून उठल्या आणि हात वर केला. ड्रायव्हरनं नाक्यावरच्या बाईंचा हात बघून बस थांबवली. मी चढले. खिडकीतून बघितलं तर त्या परत खुर्चीत बसायला निघाल्या होत्या. एक हात खांबावर, दुसरा काठीवर, उजवा पाय लांब करून हळूहळू खाली होत. बस वळणाला गेली तरी त्यांचं बसणं पुरं झालं नव्हतं.

त्यानंतर मी तिकडे गेलेले नाही.